फुटबॉलवर पैज लावण्याआधी: भाव वाचायला शिका

फुटबॉलवर पैज लावायला निघालेला नवखा माणूस आधी विचारतो, "आज कोण जिंकेल?" हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो नंतरचा आहे. आधीचा प्रश्न असा की जो भाव मिळतोय तो त्या शक्यतेच्या मानाने पुरेसा आहे का. बलाढ्य संघ जिंकण्याची शक्यता जास्त आहे हे भाव काढणाऱ्यालाही ठाऊक असतं, म्हणून त्या संघाचा भाव आधीच खाली आणलेला असतो. समजा एखादा संघ दहापैकी आठ सामने जिंकतो आणि तुम्ही दर वेळी त्याच्यावर १.२० च्या भावाने (जिंकल्यास मूळ रक्कम धरून १.२० परत) एक एकक लावता. दहा सामन्यांत दहा एकक गेले, आठ विजयांचे मिळून ९.६ परत आले. आठ अंदाज बरोबर निघूनही खिशातून पैसे गेले.

या लेखात पुढे जे काही आहे ते याच हिशेबाभोवती फिरतं. रकमा सगळीकडे 'एकक' धरल्या आहेत, म्हणजे कुठलंही चलन लावून पाहता येईल.

पैशांआधी दोन गोष्टी

पहिली कायद्याची. काही देशांत परवाना असलेल्या कंपन्यांकडे पैज लावता येते, काही देशांत फक्त सरकारी संस्थेमार्फत, आणि काही देशांत पूर्ण बंदी आहे. ऑनलाइन पैजेचे नियम अनेकदा वेगळे आणि कडक असतात. तुम्ही जिथे राहता तिथला आजचा कायदा बघा. बंदी असेल तर पैसे लावू नका. परदेशात नोंदलेलं एखादं संकेतस्थळ तुमच्या फोनवर उघडतं एवढ्याने ते तुमच्यासाठी कायदेशीर ठरत नाही, आणि तिथे पैसे अडकले तर दाद मागायला कुठेच जागा उरत नाही. वयाची अटही सगळीकडे असते, ती चुकवायचा प्रयत्न करू नका.

दुसरी गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. दीर्घकाळ पैजा लावणाऱ्या बहुतेक लोकांचा तोटाच होतो. त्यांना फुटबॉल कळत नाही असं नाही. प्रत्येक भावात कंपनीचा वाटा आधीच कापलेला असतो आणि तो भरून निघेल इतकं अचूक अनुमान फार थोड्यांना जमतं. त्यामुळे पैजेचा पैसा हा मनोरंजनाचा खर्च आहे, गुंतवणूक नाही. घरभाडं, हप्ता, शिक्षण, औषधपाणी यांतला एक पैसाही इथे येता कामा नये, आणि उसन्या पैशाचा तर विचारच नको.

माझा आग्रहाचा सल्ला असा की सुरुवातीचे काही महिने पैसे न लावता फक्त वहीत पैजा मांडा. सामना, भाव, तुमचा अंदाज आणि निकाल लिहित जा. यात कायद्याची अडचण नाही, पैसे जात नाहीत, आणि आपल्याला फुटबॉल जितकं कळतं असं वाटत होतं तितकं कळतं का, हे कागदावर दिसतं.

भाव वाचणं

बहुतेक ठिकाणी भाव दशांशात दिसतो. २.१० म्हणजे एक एकक लावून पैज जिंकली तर २.१० एकक परत, मूळ रक्कम धरून. निव्वळ नफा १.१०. ब्रिटिश पद्धतीत हाच भाव ११/१० असा अपूर्णांकात लिहितात, तिथे मूळ रक्कम धरत नाहीत. अमेरिकी पद्धतीत तो +११० होतो, म्हणजे १०० लावून ११० नफा. तिथे उणे चिन्ह असलं, उदाहरणार्थ −१५०, तर १०० नफ्यासाठी १५० लावावे लागतात. दशांशात तो साधारण १.६७. नवख्याने दशांश पद्धतच वापरावी, हिशेब सरळ राहतो.

भावामागे दडलेली शक्यता काढायला १०० ला भावाने भागा. एका सामन्याचे भाव असे आहेत असं धरू: यजमान विजय २.१०, बरोबरी ३.४०, पाहुणा विजय ३.६०. भागाकार येतात ४७.६, २९.४ आणि २७.८ टक्के. बेरीज करा: १०४.८. एखाद्या सामन्याच्या सगळ्या निकालांची शक्यता मिळून शंभरच असते. वरचे ४.८ हे कंपनीचं मार्जिन. दुसऱ्या बाजूने बघायचं तर तिन्ही निकालांवर या टक्क्यांच्या प्रमाणात मिळून १०० एकक लावले, तर निकाल काहीही लागो, साधारण ९५.४ परत येतात. उरलेले कंपनीकडे राहतात.

मार्जिन बाजूला काढून बाजाराचं खरं मत पाहायचं असेल, तर प्रत्येक आकड्याला १.०४८ ने भागा. यजमान साधारण ४५.४, बरोबरी २८.१, पाहुणा २६.५. मार्जिन सगळ्या निकालांवर अगदी सारखं पसरलेलं नसतं, पण सुरुवातीला ही रीत पुरते.

मार्जिन सगळीकडे सारखं नसतं. मोठ्या लीगच्या विजय-बरोबरी-पराभव भावात ते कमी असतं. अचूक स्कोअर, पहिला गोल कोण करणार, कॉर्नर किती होतील अशा पैजांत ते बरंच वाढतं. या पैजा जितक्या रंगीत दिसतात तितक्या महाग असतात.

आता याचा व्यवहारात उपयोग. यजमान जिंकण्याची खरी शक्यता ४७ टक्के आहे असं धरा. २.१० च्या भावाने अपेक्षित परतावा ०.४७ × २.१० = ०.९८७, म्हणजे दर शंभरामागे सव्वा एककाच्या आसपास तोटा. दुसऱ्या कंपनीकडे हाच भाव २.१६ असेल तर ०.४७ × २.१६ = १.०१५, म्हणजे शंभरामागे दीड एकक नफा. सामना तोच, संघ तोच, अंदाजही तोच. भाव सहा शतांशाने बदलला आणि तोट्याची पैज नफ्याची झाली. कायदेशीर कंपन्यांचे भाव शेजारी ठेवून पाहणं हे कौशल्य न लागणारं एकमेव काम आहे, आणि नवखे नेमकं तेच टाळतात.

कशावर पैज लावतोय ते नीट समजून घ्या

तीन-निकाली पैज ही ९० मिनिटं आणि पंचांनी दिलेला भरपाईचा वेळ एवढ्यावरच ठरते. जादा वेळ आणि पेनल्टी शूटआउट त्यात धरत नाहीत. बाद फेरीत नवख्यांचा सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. १८ डिसेंबर २०२२ ला लुसैलमध्ये झालेल्या विश्वचषक अंतिम सामन्यात अर्जेंटिनाने करंडक उचलला, पण ९० मिनिटांनंतर गुणफलक २-२ होता. सामन्याच्या पैजेत 'अर्जेंटिना विजय' घेतलेल्यांची पैज हरली, बरोबरी घेतलेल्यांची जिंकली. हा अपवाद नव्हता. २००६ ते २०२२ या पाच विश्वचषकांपैकी चार अंतिम सामने ९० मिनिटांत बरोबरीत होते, फक्त २०१८ चा फ्रान्स-क्रोएशिया सामना वेळेत निकाली लागला. करंडक कोण जिंकणार किंवा पुढच्या फेरीत कोण जाणार ही पैज वेगळी असते आणि तिचा भावही वेगळा असतो. पैज पक्की करण्याआधी नियमांचं पान एकदा उघडून वाचाच.

एकूण गोलांची पैज बहुधा २.५ वर असते. तीन किंवा अधिक गोल झाले तर 'वर', दोन किंवा कमी झाले तर 'खाली'. 'दोन्ही संघ गोल करतील' ही हो-नाही पैज. 'बरोबरी झाली तर पैसे परत' आणि 'दुहेरी संधी' (तीनपैकी दोन निकाल एकत्र धरणारी पैज) यांत जोखीम कमी होते, तसा भावही उतरतो. त्यात फुकट काही मिळत नाही.

एशियन हँडिकॅप थोडा वेळ घेतो, पण शिकण्यासारखा आहे, कारण त्यात बरोबरीचा तिसरा निकाल निघून जातो आणि मार्जिन अनेकदा कमी असतं. बलवान संघाला −१ दिला म्हणजे त्याच्या खात्यातून एक गोल वजा करून निकाल पाहायचा. तो दोन किंवा अधिक गोलांनी जिंकला तर पैज जिंकली, एका गोलाने जिंकला तर रक्कम परत, नाहीतर गेली. −०.५ वर परत मिळण्याचा प्रश्नच नाही, संघ जिंकलाच पाहिजे. पाव अंशाच्या रेषांत रक्कम दोन भागांत विभागली जाते. −०.२५ म्हणजे अर्धी ० वर, अर्धी −०.५ वर. सामना बरोबरीत सुटला तर अर्धी परत, अर्धी गेली. −०.७५ म्हणजे अर्धी −०.५ वर, अर्धी −१ वर. एका गोलाने विजय झाला तर अर्धी पैज जिंकते आणि अर्धी रक्कम जशीच्या तशी परत येते. हे दोन प्रकार कागदावर चार-पाच वेगवेगळ्या स्कोअरसाठी सोडवून बघा, मग कधी गोंधळ होणार नाही.

फुटबॉल अंदाजाला इतकं कठीण का

कारण गोल कमी होतात. बास्केटबॉलमध्ये दोन संघ मिळून दीडशे-दोनशे गुण सहज करतात, तिथे एखाद्या चुकीची भरपाई व्हायला वाव असतो. फुटबॉलच्या सामन्यात सरासरी अडीच-तीन गोल. प्रीमियर लीगच्या २०२३-२४ हंगामात ३८० सामन्यांत १,२४६ गोल झाले आणि तरीही सरासरी ३.२८ च भरली, ३८ सामन्यांचा हंगाम सुरू झाल्यापासूनची ती सर्वांत मोठी. इतक्या कमी गोलांत एक पेनल्टी, एक लाल कार्ड किंवा बचावपटूच्या पायाला लागून वळलेला एक चेंडू निकाल फिरवतो. नव्वद मिनिटं वरचढ खेळलेला संघ हरतो, आणि यात कुणाची लबाडी नसते.

बरोबरी हा निकाल नवखे विसरतातच. मोठ्या लीगमध्ये साधारण चारातला एक सामना बरोबरीत सुटतो. मन मात्र कुणीतरी जिंकावं असंच मागत असतं.

घरच्या मैदानाचा फायदा खरा आहे, पण तो कायमचा ठोकळा नाही. साथीच्या काळात मैदानं रिकामी होती तेव्हा तो ढासळला. प्रीमियर लीगच्या २०२०-२१ हंगामात पाहुण्यांनी १५३ सामने जिंकले, यजमानांनी १४४. जुन्या सवयीने यजमानांना झुकतं माप देत राहिलेल्यांना तो हंगाम महाग पडला असणार.

आणि लेस्टर. २०१५-१६ च्या हंगामाआधी लेस्टर सिटी प्रीमियर लीगचा विजेता होण्याचा भाव ५०००/१ पर्यंत होता, आणि ते विजेते झाले. या घटनेवरून 'मोठ्या भावावर थोडंसं लावत राहावं' हा धडा घेऊ नका. लांबच्या भावांत मार्जिन सगळ्यात जाड असतं, आणि न जिंकलेल्या शेकडो लेस्टरांची आठवण कुणी ठेवत नाही.

स्वतःचा अंदाज आकड्यात मांडा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. 'मला वाटतं यजमान जिंकतील' या वाक्याचा पैजेत काही उपयोग नाही. 'यजमान जिंकण्याची शक्यता ४६ टक्के' हे वाक्य उपयोगाचं, कारण ते भावाशेजारी ठेवता येतं.

एक साधी रीत सांगतो. लीगची सरासरी घ्या: यजमान संघ सामन्यात १.५ गोल करतात आणि पाहुणे १.२, असं धरू. आता आपल्या सामन्यातले यजमान घरी सरासरी १.८ गोल करतात, म्हणजे लीगच्या १.२ पट. पाहुणा संघ बाहेर खेळताना सरासरी १.२५ गोल खातो, म्हणजे लीगच्या सुमारे ०.८३ पट, बचाव चांगला आहे. तर यजमानांचे अपेक्षित गोल १.५ × १.२ × ०.८३, साधारण १.५. तसंच पाहुणे बाहेर १.३२ गोल करतात (१.१ पट) आणि यजमान घरी १ गोल खातात (०.८३ पट), तर पाहुण्यांचे अपेक्षित गोल १.२ × १.१ × ०.८३, साधारण १.१.

हे दोन आकडे पॉयसाँ वितरणात घालायचे, म्हणजे सरासरीवरून शून्य, एक, दोन अशा गोलांची शक्यता देणाऱ्या सूत्रात. कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये हे सूत्र तयार असतं. सरासरी १.५ असताना शून्य गोलांची शक्यता २२ टक्के, एका गोलाची ३३, दोनची २५, आणि असंच पुढे. दुसऱ्या संघासाठी १.१ घालून तेच करा. मग एका संघाच्या प्रत्येक आकड्याला दुसऱ्याच्या प्रत्येक आकड्याने गुणून स्कोअरचा तक्ता भरायचा. समान स्कोअरच्या चौकटींची बेरीज म्हणजे बरोबरी, यजमान पुढे असलेल्या चौकटींची बेरीज म्हणजे यजमान विजय. या उदाहरणात उत्तर येतं: यजमान ४६.४ टक्के, बरोबरी २५.८, पाहुणे २७.८.

आता १०० ला या टक्क्यांनी भागून स्वतःचे भाव काढा: २.१५, ३.८८, ३.६०. वरच्या कंपनीचे भाव होते २.१०, ३.४०, ३.६०. यजमानांवर मिळतंय ते हवं त्यापेक्षा कमी. बरोबरीवर खूपच कमी. पाहुण्यांवर जेमतेम बरोबरीत, नफ्याला जागा नाही. म्हणजे या सामन्यावर पैज लावायची नाही. नीट हिशेब केला तर बहुतेक सामन्यांचं उत्तर हेच येतं, आणि ते स्वीकारणं हीच खरी शिस्त. आठवडाअखेरीला पंचवीस सामने दिसत असताना एकही न घेणं जमायला हवं.

या रीतीच्या मर्यादा सांगतो. पॉयसाँमध्ये दोन्ही संघांचे गोल एकमेकांपासून स्वतंत्र धरलेले असतात, प्रत्यक्षात ते तसे नसतात. ०-० आणि १-१ सारखे कमी गोलांचे बरोबरीचे निकाल तो थोडे कमी दाखवतो. डिक्सन आणि कोल्स या संख्याशास्त्रज्ञांनी १९९७ साली त्यावर दुरुस्ती सुचवली होती, आणि हात बसल्यावर ती शिकण्याजोगी आहे. दुसरी अडचण म्हणजे नुसते गोल फसवतात. पाच-सहा सामन्यांचे गोल म्हणजे अगदी तुटपुंजी माहिती. म्हणून गोलांऐवजी 'अपेक्षित गोल', म्हणजे एक्सजी, वापरणं बरं. यात प्रत्येक फटक्याला त्याच्या जागेवरून आणि परिस्थितीवरून गोल होण्याची शक्यता दिलेली असते. पेनल्टीला साधारण पाऊण गोलाच्या थोडं वर, लांबून मारलेल्या फटक्याला काही शतांश. एखादा संघ महिनाभर दणादण जिंकतोय पण त्याचा एक्सजी प्रतिस्पर्ध्यांपेक्षा कमी आहे, तर ती घोडदौड टिकणं अवघड आहे.

आकड्यांनंतर बातम्या. मुख्य गोलरक्षक बाहेर आहे का, आठवड्याच्या मध्यात युरोपीय सामना झालाय का, प्रशिक्षक बदललाय का, हंगामाच्या शेवटी एखाद्या संघाला जिंकण्याची गरजच उरलेली नाही का. अंतिम अकराची नावं सामन्याच्या साधारण तासभर आधी कळतात, आणि त्यानंतर भाव झपाट्याने सरकतात. पण जी बातमी तुम्ही वाचलीत ती भाव काढणाऱ्यानेही वाचलेली असते. 'त्यांचा स्ट्रायकर जखमी आहे' हे कळल्यावर विचारायचं ते एवढंच की भाव त्यामुळे पुरेसा हलला आहे की नाही.

याच कारणासाठी एखादी छोटी लीग मन लावून पाहणं हे दहा मोठ्या लीग वरवर पाहण्यापेक्षा चांगलं. आणि आपल्या लाडक्या संघावर पैज नको. तिथे आकडे तुम्ही लिहीत नसता, तुमचं मन लिहीत असतं.

किती लावायचं

गेली तरी आयुष्यात काही फरक पडणार नाही अशी एक रक्कम वेगळी काढा. तिचे शंभर समान भाग करा. एका पैजेत एक भाग. फार खात्री वाटली तर दोन, त्यापुढे कधीच नाही. रक्कम संपली तर हंगाम संपला, भर घालायची नाही.

एवढं कमी का, याचं उत्तर हारीच्या मालिकांत आहे. नाण्यासारखी अर्धी-अर्धी शक्यता असलेल्या शंभर पैजा लावल्या, तर त्यात कुठेतरी सलग पाच किंवा अधिक हारी येण्याची शक्यता जवळजवळ ८० टक्के आहे. सलग सात येण्याचीही तीसच्या वर. हे दुर्दैव नव्हे, ठरलेलं आहे. दर वेळी वीस टक्के लावणारा माणूस पाचव्या हारीला संपतो. एक टक्का लावणाऱ्याचे पंचाण्णव भाग शिल्लक असतात.

हरल्यावर रक्कम दुप्पट करत जाण्याची युक्ती कुणीतरी सांगेलच. हिशेब करून बघा: १, २, ४, ८, १६, ३२, ६४. सात हारींत १२७ एकक गेले, आठव्या पैजेला १२८ हवेत, आणि ती जिंकूनही एकूण नफा किती? दोनच्या भावाने फक्त एक एकक.

ज्यांना गणित आवडतं त्यांनी केली सूत्र पाहावं, एका पैजेत रकमेचा किती भाग लावावा हे ते सांगतं. बेल लॅब्जमधल्या जॉन केली यांनी ते १९५६ मध्ये मांडलं. निव्वळ नफ्याचा भाव गुणिले जिंकण्याची शक्यता, त्यातून हरण्याची शक्यता वजा, आणि उत्तराला निव्वळ नफ्याच्या भावाने भाग. वरचंच उदाहरण, ४७ टक्के आणि २.१६: (१.१६ × ०.४७ − ०.५३) ÷ १.१६, म्हणजे सुमारे १.३ टक्के. तुमचा अंदाज अचूक असला तरी सूत्र एवढंच लावायला सांगतं. आणि नवख्याचा अंदाज अचूक नसतो, म्हणून एक टक्क्यावर थांबलेलं बरं.

कंपनीला आवडणाऱ्या पैजा

चार-पाच सामने एकत्र बांधून लावायची पैज, म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटर, जाहिरातीत सगळ्यात पुढे असते. कारण उघड आहे. प्रत्येक सामन्याचं मार्जिन एकमेकांत गुणलं जातं. एका सामन्यात शंभरातले ९५.४ परत येत असतील, तर चार सामन्यांच्या साखळीत सुमारे ८२.८. शंभरामागे पाचऐवजी सतरा एकक कंपनीचे. शिवाय प्रत्येकी ६० टक्के शक्यतेचे चार 'पक्के' निकाल एकत्र खरे होण्याची शक्यता १३ टक्केच. एकाच सामन्यातल्या घटना जोडून बनवायच्या पैजांचंही तेच, तिथे तर मार्जिन किती हे शोधणंही अवघड.

सामना चालू असताना लावायची पैज नवख्याने टाळावीच. तुमच्या पडद्यावरचं दृश्य मैदानापेक्षा काही सेकंद मागे असतं, कंपनीकडची माहिती त्याआधी येते, आणि विचार करायला वेळ नसतो. मधेच पैज मोडून पैसे घ्यायची सोय, कॅश आउट, दिलासा देते. पण त्या रकमेतही कंपनी दुसऱ्यांदा आपला वाटा कापते.

स्वागत बोनसच्या अटी वाचा. १०० एकक बोनस आणि तो दहा वेळा फिरवण्याची अट, म्हणजे १,००० एककांच्या पैजा. साडेचार-पाच टक्के वाट्याने त्यातले ४५-५० एकक जातातच, आणि किमान भावाची अट किंवा मुदत घातली असेल तर आणखी.

टिप्स विकणारे

एक हिशेब बघा. कुणी ९०० जणांना संदेश पाठवतो: ३०० जणांना यजमान, ३०० जणांना बरोबरी, ३०० जणांना पाहुणे. निकाल काहीही लागो, ३०० जणांना टीप बरोबर वाटते. त्या तिनशेंना पुन्हा तीन गटांत विभागलं की १०० उरतात, नंतर ३३. या ३३ जणांनी सलग तीन अचूक टिपा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या असतात. चौथीचे पैसे मागितले की ते देतात. पाठवणाऱ्याला फुटबॉलमधलं काही कळण्याची गरजच नसते.

'सामना फिक्स आहे, खबर विकत घ्या' म्हणणारा तर सरळ भामटा समजा. फिक्सिंग होतं. २००५ मध्ये जर्मनीत पंच रॉबर्ट हॉयझर यांचं प्रकरण उघडकीस आलं आणि त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. पण त्यामागचे लोक स्वतः पैजा लावत होते, अनोळखी माणसांना खबर विकत नव्हते. आणि अशी खबर खरी असली तर तिच्यावर पैज लावणं हा अनेक देशांत गुन्हा आहे.

वही

प्रत्येक पैजेची नोंद करा: तारीख, सामना, प्रकार, घेतलेला भाव, तुम्ही काढलेली शक्यता, रक्कम, निकाल. आणि एक रकाना सामना सुरू होतानाच्या शेवटच्या भावासाठी. हा रकाना नफ्या-तोट्याच्या रकान्यापेक्षा लवकर खरं सांगतो. तुम्ही २.१६ ला घेतलं आणि सामना सुरू होताना भाव २.०० वर आला, असं सातत्याने होत असेल, तर बाजार नंतर तुमच्या मताशी येऊन मिळतोय. उलट भाव नेहमी वर जात असेल, तर सध्याचा नफा हा नशिबाचा आहे.

नफ्यावर विसंबू नये याचं कारण नमुन्याचा आकार. दोनच्या आसपासच्या भावाने शंभर पैजा लावल्या, तर केवळ योगायोगाने परतावा दहा टक्के वर-खाली होणं अगदी सामान्य आहे. हजार पैजांनंतरही तीन टक्क्यांची हालचाल राहते. शंभर पैजांत आठ टक्के नफा झाला म्हणून रक्कम वाढवू नका.

थांबण्याची सोय आधीच करा

खातं उघडता त्याच दिवशी महिन्याची जमा-मर्यादा घाला. परवानाधारक कंपन्यांकडे ही सोय बहुधा असते. मर्यादा वाढवायला प्रतीक्षा काळ ठेवलेला असेल तर उत्तम. रात्री उशिरा, दारू घेतल्यावर किंवा हरल्यावर तासाभरात पैज लावायची नाही, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

खालच्यांपैकी काही दिसू लागलं तर भाव, गणित, वही सगळं बाजूला ठेवा. गेलेले पैसे त्याच दिवशी परत मिळवायची घाई. किती लावतो हे घरी लपवणं. जे सामने एरवी पाहिलेही नसते त्यांच्यावर पैसे. पैजेसाठी उधारी. पैज नसली की चिडचिड आणि झोप उडणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात जुगाराचा विकार स्वतंत्रपणे नोंदलेला आहे आणि त्यावर उपचार आहेत. इच्छाशक्ती कमी पडली म्हणून स्वतःला दोष देत बसू नका.

अशा वेळी क्रम असा ठेवा. आधी सगळ्या खात्यांवर स्वतःला वगळण्याची विनंती करा, एका कंपनीपुरती नाही. काही देशांत एकाच अर्जाने सगळ्या परवानाधारक कंपन्या बंद होतात. मग फोनवर पैजेची संकेतस्थळं अडवणारं सॉफ्टवेअर घाला आणि त्याचा पासवर्ड दुसऱ्या कुणाला तरी ठरवू द्या. बँकेकडे जुगाराचे व्यवहार रोखायची सोय असेल तर ती चालू करा. त्यानंतर घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला कर्जाचा पूर्ण आकडा सांगा, अर्धा नाही, आणि काही काळ पैशांचे व्यवहार त्यांच्या हाती द्या. मानसोपचारतज्ज्ञाची किंवा व्यसनमुक्ती समुपदेशकाची वेळ त्याच आठवड्यात घ्या आणि जाताना पैजांची वही सोबत न्या. कधीपासून, किती वेळा आणि किती रकमेचं हे तिथे विचारलं जातं, आणि त्या सगळ्याची उत्तरं तिच्यात लिहिलेली असतात.